लॅपटॉप घेताना आधी विहीर बघा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारावीचे निकाल लागले की आमच्या दुकानात एक प्रश्न सुरू होतो, तो थेट गणपतीपर्यंत पुरतो. ‘‘काका, मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ?’’ माझं दुकान रत्नागिरीत, आणि तेही दुरुस्तीचं. मी नवा माल विकत नाही, त्यामुळे माझं मत निःपक्षपाती असणार असं लोक धरून चालतात. विचारणारा उभ्या उभ्या विचारतो आणि त्याला उत्तरही उभ्या उभ्या हवं असतं. कंपनीचं नाव सांगा, किंमत सांगा, झालं.

अशाच एका उभ्या उत्तराची गोष्ट आधी सांगतो, कारण ते उत्तर चुकलं होतं आणि चूक माझी होती.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ एस.टी.त कंडक्टर. मुलीला कम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. पतपेढीचं कर्ज काढून ते लॅपटॉप घ्यायला गेले आणि दुकानातूनच त्यांनी मला फोन केला. ‘‘चार जीबीचा सव्वीस हजारांना आहे, आठ जीबीचा आणखी नऊ हजारांनी महाग. काय करू?’’ मी तेव्हा कुणाचा तरी पंखा साफ करत बसलो होतो. म्हटलं, ‘‘चारचा घ्या हो. मेमरी काय, पुढे कधीही वाढवता येते. माझ्याकडे आणा, मी घालून देतो.’’

आठ महिन्यांनी ती मुलगी आली. लॅपटॉप थिजतो म्हणाली. प्रोग्राम लिहायला घेतला आणि शेजारी ब्राउझर उघडला की माऊसचा बाणसुद्धा हलेना. ‘‘बाबा म्हणाले, काका मेमरी घालून देतील.’’ मी खालचं झाकण उघडलं. मेमरीची पट्टी बसवायचा स्लॉटच नव्हता. मेमरीच्या चिपा मदरबोर्डवर डाख देऊन कायमच्या बसवलेल्या. साठवणही ‘ईएमएमसी’ जातीची, चौसष्ट जीबी, तीसुद्धा बोर्डावरच. ना काढता येत, ना वाढवता येत. मी झाकण परत लावलं आणि तिला काय सांगावं ते मला सुचेना. त्या कर्जाचे हप्ते अजून चालू होते.

ती मुलगी रडली-बिडली नाही. तिनं एवढंच विचारलं, ‘‘मग काका, दुकानात आम्ही काय विचारायला हवं होतं?’’

त्याचं उत्तर मी तेव्हा तिला नीट देऊ शकलो नाही. आज देतो आहे.

घर घेताना जुनी माणसं काय बघायची? रंग कुठला आहे हे कुणी बघत नसे. रंग पुढच्या दिवाळीला बदलता येतो. ती बघायची विहीर, घरात उजेड कुठून येतो ते, आणि पावसाचं पाणी कुठल्या बाजूनं वाहतं ते. लॅपटॉपचंही तसंच आहे. त्याचे गुण दोन ढिगांत वाटा. एका ढिगात पुढे बदलता येईल ते, दुसऱ्यात जन्मभर तसंच राहणार ते. पैसे दुसऱ्या ढिगावर खर्च करायचे. अडचण एवढीच, की दुकानातल्या पाटीवर मोठ्या अक्षरांत बहुतेक पहिल्या ढिगातल्याच गोष्टी असतात, आणि काळाबरोबर काही वस्तू एका ढिगातून दुसऱ्यात जातात. माझी चूक नेमकी तिथेच झाली. मेमरी माझ्या उमेदीच्या काळात पहिल्या ढिगात होती. ती कधी दुसऱ्या ढिगात गेली, ते माझ्या तोंडच्या सल्ल्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

आता ही मेमरी, म्हणजे रॅम, काय काम करते ते थोडक्यात सांगतो. स्वयंपाकघरातला ओटा आणि फडताळ डोळ्यांसमोर आणा. फडताळात महिन्याचं सामान असतं, ती तुमची साठवण. ओट्यावर या घटकेला लागतं तेवढंच असतं, ती मेमरी. ओटा अगदीच चिंचोळा असेल तर पोळी लाटायच्या आधी परात उचलून फडताळात ठेवावी लागते आणि पुन्हा परात हवी की पोळपाट उचलावं लागतं. लॅपटॉप ‘हळू’ आहे असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो ही उचलठेव करत असतो. फडताळ दूर आणि मंद असेल, म्हणजे ईएमएमसी किंवा फिरती हार्ड डिस्क असेल, तर विचारूच नका. एसएसडी असेल तर उचलठेव झटपट होते, पण संपत नाही.

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं किमान अट ठेवली ती चार जीबी मेमरीची आणि चौसष्ट जीबी साठवणीची. कंडक्टरसाहेबांनी घेतलेला लॅपटॉप ही अट बरोब्बर पुरी करत होता. पण किमान म्हणजे गाडी सुरू होते एवढंच, घाट चढते असं नाही. आज साध्या लिखापढीला आठ जीबी लागतातच आणि शिकणाऱ्या मुलांना सोळा असली तर बरी.

विचारायचं कसं? माहितीपत्रकात मेमरीपुढे ‘ऑनबोर्ड’ असं लिहिलं असेल, किंवा ‘एलपीडीडीआर’ ही अक्षरं असतील, तर ती डाख दिलेली आहे असं जवळजवळ नेहमीच समजावं. ‘सो-डिम’ लिहिलं असेल तर पट्टी काढता-घालता येते. काहींत निम्मी डाख दिलेली आणि शेजारी एक स्लॉट रिकामा असतो, तेही चांगलं. कंपन्या हे निव्वळ लबाडीनं करतात असं मात्र नाही. डाख दिलेल्या मेमरीला वीज कमी लागते, ती जलद चालते आणि लॅपटॉप पातळ होतो. ॲपलनं २०२० च्या अखेरीस एम-वन प्रोसेसरचे मॅकबुक काढले, त्यांत तर मेमरी प्रोसेसरच्याच वेष्टनात गेली. वस्तू उत्तम आहे. पण घेताना जेवढी घेतली तेवढीच, हे माहीत असायला हवं. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव असे चढले, की ‘नंतर घालू’ म्हणणाऱ्यांचा हिशेब स्लॉट असूनही चुकला.

मेमरीबद्दल इतकं बोललो, पण ती माझ्या मते पहिली नव्हे. पहिली स्क्रीन. माणूस लॅपटॉपच्या प्रोसेसरकडे बघत नाही, स्क्रीनकडे बघतो, रोज पाच-सहा तास, चार-पाच वर्षं. स्क्रीन फुटली तर मी बदलून देतो, पण मूळचीच वाईट असेल तर कुणी ती बदलत नाही. डोळे चोळत वर्षं काढतात.

स्वस्त लॅपटॉपांत बरीच वर्षं १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांची स्क्रीन येत असे, जुन्या बाजारात ती अजून भेटते. गुणाकार केला तर साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके होतात. १९२० गुणिले १०८० च्या स्क्रीनमध्ये ते वीस लाखांच्या वर जातात. इंग्रजी वाचणाऱ्याला हा फरक कमी जाणवेल. आपल्या लिपीत मात्र अक्षराच्या डोक्यावर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि पायाशी उकार, रफार-जोडाक्षरांची गर्दी. ठिपके कमी पडले की ‘द्ध’ आणि ‘ध्द’ सारखेच दिसायला लागतात. म्हणून दुकानात स्क्रीन तपासायची तर समुद्रात पोहणाऱ्या रंगीत माशांचा व्हिडिओ बघू नका. तो त्यासाठीच लावलेला असतो. एखादं मराठी वर्तमानपत्र उघडा आणि बारीक अक्षरातली बातमी वाचा. मग उठून बाजूला व्हा, वरून बघा, खाली वाकून बघा. रंग फिके किंवा काळपट झाले तर ती जुन्या ‘टीएन’ पद्धतीची स्क्रीन असावी. ‘आयपीएस’ असेल तर कुठूनही बघितलं तरी चित्र तसंच राहतं.

उजेडाचं माप ‘निट’ मध्ये देतात. स्वस्त लॅपटॉपला बहुधा अडीचशेच्या आत-बाहेर निट असतात. खोलीत तेवढे चालतात. पडवीत, खिडकीपाशी किंवा एस.टी.च्या सीटवर काम करणार असाल तर तीनशेच्या वरचे बघा. आणि चकचकीत काचेपेक्षा मॅट स्क्रीन घ्या. चकचकीत स्क्रीन दुकानात देखणी दिसते, घरी तिच्यात मागची ट्यूबलाइट दिसते.

स्क्रीनच्या खालोखाल की-बोर्ड. तो बघायची रीत सोपी आहे. दुकानात खुर्ची मागा, बसा आणि अर्धं पान टाइप करा. मराठीत टाइप करणार असाल तर मराठीत करा. दुकानदार दोन मिनिटं बघेल, मग चहा मागवेल. इनस्क्रिप्टनं टाइप करणाऱ्याला बटणांवर अक्षरं नसतात, त्याचं सगळं बोटांच्या भरवशावर चालतं. बटण दाबल्याचं बोटाला नीट कळलं नाही तर चुका वाढतात. हिशेबाचं काम असेल तर उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं हवीत, ती साधारण १५.६ इंची लॅपटॉपात मिळतात. पण ती आली की अक्षरांची बटणं डावीकडे सरकतात आणि लेखकमंडळींना वाकडं बसावं लागतं. दोन्ही सुखं एकदम नाहीत.

की-बोर्ड बदलता येतो, पण हल्ली पुष्कळ लॅपटॉपांत तो वरच्या झाकणाला रिबिटांनी पक्का केलेला असतो. एक बटण गेलं तरी सगळा वरचा भाग उकलावा लागतो. आमच्याकडे येणाऱ्या की-बोर्डांची दोन मुख्य कारणं म्हणजे चहा आणि मुंग्या. मुंग्या बहुतेक चहाच्याच मागून येतात.

मग बिजागरी. जाहिरातीत तिचं नाव मी कधी वाचलेलं नाही आणि माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त येते ती तीच. स्वस्त लॅपटॉपात बिजागरीचे स्क्रू प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांत बसवलेले असतात. बिजागरी धातूची आणि घट्ट, तिला धरणारी खुंटी प्लॅस्टिकची. रोज एकाच कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की वर्ष-दोन वर्षांत खुंटी तुटते, कडा फाकते आणि शेवटी स्क्रीनची वायर कापली जाते. मी त्या खुंट्या एपॉक्सीनं चिकटवून देतो, पण ते तुटलेल्या कपाचा कान चिकटवण्यासारखंच. दुकानात झाकण मधोमध धरून एका बोटानं उघडून बघा. करकर आवाज, कडेला वाकणं, की-बोर्डच्या मध्ये दाबल्यावर खाली जाणं, यातलं काही दिसलं तर पुढचा बघा. घरी आणल्यावरही मधोमधच धरायचं, हे मुलांना पहिल्या दिवशी सांगा.

आता प्रोसेसर. लोक सुरुवात इथून करतात. ‘आय-फाइव्ह आहे ना?’ एवढा प्रश्न पुरेसा वाटतो. हा आकडा मोटारीच्या मॉडेलसारखा आहे, त्यावरून साल कळत नाही. इंटेलचा आय-सेव्हन ७५००यू हा दोन गाभ्यांचा प्रोसेसर होता. पुढच्याच पिढीचा, २०१७ मध्ये आलेला आय-फाइव्ह ८२५०यू चार गाभ्यांचा निघाला. म्हणजे पाचानं साताला मागे टाकलं. एएमडीची गंमत आणखी वेगळी. रायझन ५ ७५२०यू हे नाव वाचून तो सात हजारांच्या नव्या मालिकेतला वाटतो, पण त्याच्या आतली रचना झेन-टू, म्हणजे २०१९ सालची. पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि घरी येऊन तो कधीचा आहे ते शोधा. त्यापलीकडे साध्या कामाला गेल्या तीन-चार वर्षांतला कुठलाही मधल्या दर्जाचा प्रोसेसर पुरून उरतो. ज्यांना कॅडची रेखाटनं, व्हिडिओ संकलन किंवा खेळ करायचे आहेत त्यांचा प्रश्न निराळा. त्यांना वेगळं ग्राफिक कार्ड लागतं, त्याबरोबर वजन, उष्णता आणि पंख्याचा आवाजही घ्यावा लागतो.

बॅटरीबद्दल ‘दहा तास चालते’ हे वाक्य ऐकून सोडून द्या. कंपनीनं ते स्क्रीन मंद करून मोजलेलं असतं. बॅटरीवर ‘वॅट-अवर’ लिहिलेले असतात, ते बघा. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला लॅपटॉप साधारण आठ वॅट घेतो असं धरा. बॅटरी बेचाळीस वॅट-अवरची असेल तर सव्वापाच तास, त्याहून जास्त नाही, आणि दोन वर्षांनी त्यातले चार राहतील. आमच्याकडे जूनमध्ये झाड पडलं की वीज कधी येईल सांगता येत नाही, म्हणून मी पन्नासच्या वरची बॅटरी घ्या म्हणतो. पण बॅटरी पहिल्या ढिगातली आहे, बदलता येते, तेव्हा तिच्यापायी स्क्रीन सोडू नका. दिवसभर चार्जर लावून ठेवणाऱ्यांनी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. आणि एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. टचपॅड मधूनच वर उचललेला दिसला तर आतली बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीला न्या.

वजन माणूस दुकानात विसरतो आणि बसस्टॉपवर त्याला आठवतं. १९८१ मध्ये ऑस्बोर्न वन नावाचा ‘उचलून नेण्याजोगा’ कम्प्युटर अमेरिकेत आला, त्याचं वजन अकरा किलोंच्या आसपास होतं, स्क्रीन पाच इंचांची आणि आत बॅटरी नव्हती. त्या मानानं आपण सुखी आहोत. तरी पावणेदोन किलोंचा लॅपटॉप, चार्जर, वह्या, डबा आणि पाण्याची बाटली मिळून मुलांच्या पाठीवर किती होतं ते एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा घेतला तर निदान चार्जर हलका मिळतो, आणि तो हरवला तर दुसरा मिळायला वणवण करावी लागत नाही.

सेवाकेंद्राचं मात्र घरूनच विचारून निघा. ‘घरी येऊन दुरुस्ती’ असं वॉरंटीत लिहिलेलं असलं तरी तुमच्या पिनकोडला ती आहे का, हे कंपनीच्या फोनवर विचारता येतं. नसेल तर एका बटणासाठी लॅपटॉप कोल्हापूरला किंवा मुंबईला जातो आणि पंधरा दिवस तुम्ही मोकळे.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. मी तिच्या वडिलांना भेटून चूक कबूल केली. ते म्हणाले, ‘‘अहो, तुम्ही काय मुद्दाम सांगितलंत का?’’ त्यानं मला जास्तच वाईट वाटलं. नवा घ्यायची त्यांची ताकद नव्हती. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही तिघं मिळून जुन्या बाजारात गेलो. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी काढून टाकतात, ते तपासून पुन्हा विकले जातात. त्यांची बांधणी भक्कम असते, बिजागरी धातूच्या चौकटीत असते आणि पुष्कळांत मेमरीचे दोन स्लॉट. तेव्हा एक गोष्ट मी कटाक्षानं बघितली. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेलं होतं. म्हणून सहाव्या-सातव्या पिढीचे स्वस्त मिळत होते ते सगळे बाजूला ठेवले. जुन्या मालकाचा पासवर्ड बायॉसमध्ये राहिलेला नाही ना, तेही बघितलं. कंपनीतून आलेल्या लॅपटॉपात तो हमखास असतो आणि काढता काढता नाकी नऊ येतात.

बाकीची तपासणी तिनंच केली. खुर्ची मागून घेतली. मराठी बातमी उघडून वाचली, बाजूला जाऊन वाचली, झाकण मधोमध धरून एका बोटानं उघडलं, अर्धं पान टाइप केलं, खालचं झाकण उघडून दाखवा म्हणाली. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘ताई लॅपटॉप घेतायत की मुलाखत?’’ तिसऱ्या नगाला ती हो म्हणाली. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, स्क्रीन आयपीएस, आठ जीबीची एक पट्टी आणि शेजारी रिकामा स्लॉट. त्या स्लॉटात आणखी आठ जीबीची पट्टी मी माझ्याकडची घातली. बॅटरी दमलेली होती, ती नवी टाकली. त्यावरच तिचा डिप्लोमा चालला.

आधीचा चार जीबीचा लॅपटॉप मी तिच्या वडिलांकडून विकत घेतला. दुकानाची बिलं करायला ठेवलाय. सकाळी आल्यावर आधी त्याचं बटण दाबतो, मग केरसुणी घेतो. दुकान झाडून, देवाला उदबत्ती लावून होईपर्यंत तो उठलेला असतो.